न मोडलेलं पान

१

सकाळी साडेआठ वाजता मी वाचनालयाचं कपाट उघडलं, लाल कापडी पुठ्ठ्याची नोंदवही काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर कौतुकानं फुंकर मारली आणि उघडली. पहिल्याच पानावर जैनांचा णमोकार मंत्र होता.

मी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, मग एकदम मधलंच उघडलं. सगळीकडे प्राकृत गाथा आणि खाली त्यांचा मराठी अर्थ. अक्षर बाबगोंडा आप्पांचंच होतं, काळ्या शाईतलं, टपोरं. पण ही पोथी होती. आमची नोंदवही नव्हतीच. आणि अकरा वाजता अनुदान समितीच्या बाई तपासणीला येणार होत्या!

मी रचना. निपाणीपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या कुरणवाडीच्या वाचनालयाची ग्रंथपाल, कारकून आणि झाडूवालीसुद्धा. चाळीसेक वर्षांपूर्वी बाबगोंडा आप्पा पाटलांनी आपल्या तंबाखूच्या वखारीची पुढची बाजू गावाला दिली आणि हे वाचनालय काढलं. दानपत्रात त्यांनी एक अट घातली होती. वाचनालय बंद पडलं तर जागा परत पाटलांच्या घरी जाईल. वाचनालय चालतं सरकारी अनुदानावर. मागच्या तपासणीत आमचे कागद अपुरे निघाले होते. यंदाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की, पहिल्या पुस्तकापासूनची मूळ नोंदवही दाखवा आणि तिच्याशी पुस्तकं जुळवून द्या, नाहीतर अनुदान कायमचं थांबेल. झेरॉक्स चालणार नाही.

मागच्या खोलीत गावातल्या सहा मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांच्या घरी एकीलाही टेबल नाही. त्या मुलींची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी खुर्चीत बसायच्या ऐवजी खुर्चीशेजारी बसले. कंबरेत चांगलीच कळ आली.

"काय गं, भुई मापायलीस व्हय?" दारातून आवाज आला.

जयाबाई आली होती.

२

जयाबाईनं तीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखूचं पान निवडलं. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी आणि नाकानं, कुठलं पान कुठल्या ढिगात जाणार ते ती सांगायची. चाळिशीपर्यंत ती अंगठा लावायची. मग याच वाचनालयात संध्याकाळच्या वर्गाला येऊन अक्षर शिकली आणि त्यानंतर आमच्याकडच्या सगळ्या रहस्यकथा तिनं तीन-तीन वेळा वाचून काढल्या. खुनी कोण ते मला आधीच सांगून टाकायची तिला वाईट खोड आहे.

मी रडत-ओरडत सगळं सांगितलं. तिनं पोथी नाकाशी नेली.

"हिच्यात लवंगा हायत," ती म्हणाली.

"लवंगांचं काय घेऊन बसलीस? दोन तासांत बाई येणार!"

"म्हणून तर म्हणतो. तुझ्या नोंदवहीत मी पान घातलंतं."

ते खरं होतं. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून जयाबाई दर वर्षी आमच्या प्रत्येक पुस्तकात मधोमध एक सुकं तंबाखूचं पान ठेवते. आमच्या पट्ट्यात हीच डांबराची गोळी. पण धर्माच्या पोथीत कुणी तंबाखू घालणार नाही, तिथं लवंग.

"आता काल काय काय झालं ते सांग. सरळ सांग, उड्या मारत सांगू नगं."

काल दुपारी मी नोंदवही टेबलावर घेऊन तिला शेवटचे शिक्के मारले. तीन वाजता बाकीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला निपाणीला गेले. कपाटाची किल्ली नेहमीसारखी ड्रॉवरमध्ये होती. पाचला परत आले. टेबल आवरलेलं होतं, कपाटाला कुलूप होतं आणि काचेच्या दारातून खालच्या खणात नोंदवहीची लाल पाठ दिसली. मी निर्धास्त घरी गेले.

"लाल पाठ बघितलीस. वर चिठ्ठी व्हती न्हवं, नाव लिहिल्याली?"

"चिठ्ठी कसरीनं कधीच खाल्ली. वर काहीच नाही. मी नवी चिकटवणार होते, पण राहिलं."

जयाबाईनं मान हलवली आणि भेटीचं पुस्तक ओढलं. वाचनालयात आलेला प्रत्येक माणूस त्यात नाव लिहितो. काल तीन ते पाचमध्ये तीन नावं होती. अभिनंदन पाटील, फराटेदार सहीत. परशराम मास्तर, बारीक मोत्यांच्या अक्षरात. आणि त्याच मोत्यांच्या अक्षरात खाली लक्ष्मीबाई पाटील.

"तिघंच," जयाबाई म्हणाली. तिचे डोळे असे चमकायला लागले की मला तिचा रागच आला. माझं वाचनालय बुडत होतं आणि बाईला मजा येत होती.

३

परशराम मास्तर वाचनालयामागेच राहतात. माझ्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी बिनपगारी ग्रंथपालकी केली. आम्हाला दारात बघताच त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"मास्तर, काल तुम्ही कपाट उघडलं होतं?" मी विचारलं.

"न्हाय. मी नुसता बसलोतो. पेपर वाचला, मग जरा डोळा लागला."

"खोटं," जयाबाई गोड आवाजात म्हणाली. "मघाशी बघितलं, भिंतीकडल्या मांडणीवर अकरा पुस्तकं उभी हायत. एकातबी माझं पान न्हाय. म्हंजे गेल्या कैक वर्सात ती पुस्तकं तिथं नव्हती. काल आली."

मास्तरांचा चेहरा पडला. मला वाटलं, सापडला चोर!

"बाई पुस्तकं जुळवून बघणार म्हणून आणली बघ," ते पुटपुटले. "माझ्याकडंच व्हती. काही दोन हजार नऊपासून. ग्रंथपालच पुस्तकं परत करत न्हाय म्हटल्यावर गाव काय म्हणंल? तू निपाणीला जातीस म्हटलं आणि पिशवी भरली."

"आणि नोंदवही?"

"तिला हात लावला न्हाय. मी आलो तवा ती टेबलावर व्हती. लक्ष्मीआक्का आल्या, माझं नाव तूच लिही म्हणाल्या, ते लिहिलं. मग त्या कपाटातल्या घरच्या पोथ्या काढून पुसत बसल्या आणि मला झोप आली. जाग आली तवा टेबल रिकामं आणि कपाटाला कुलूप."

त्यांच्याशी भांडायला मला वेळ नव्हता. नऊ वाजून गेले होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उरला अभिनंदन. वाचनालय बुडालं की जागा त्याला. आणखी काय पाहिजे?"

जयाबाई पाटलांच्या घराच्या वाटेला लागली.

४

अभिनंदन हा आप्पांचा नातू. तंबाखूचा धंदा आता तोच बघतो. पांढरं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून तो बस्तीकडे निघाला होता. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. त्या दिवशी श्रुतपंचमी होती, म्हणजे ग्रंथांचा सण. या दिवशी पाटलांच्या घरच्या पोथ्या नव्या कापडात बांधून पालखीतून मिरवतात. आप्पांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं उतरवून काढलेल्या या पोथ्या एरवी वाचनालयाच्याच कपाटात, वरच्या खणात असतात. आप्पांची तशी इच्छा होती.

"काल तू वाचनालयात टेप घेऊन काय करत होतास?" मी रस्त्यातच त्याला अडवलं. त्याला काल खिडकीतून बघितलेल्या एका बाईनं मला वाटेत सांगितलं होतं.

"मापं घेत होतो," तो शांतपणे म्हणाला. "अनुदान आलं न्हाय तर जागा माझ्याकडं येणार. माल ठेवायला मला जागा लागतीया. त्यात लपवायचं काय?"

"म्हणून तू नोंदवही चोरलीस!"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "रचनाताई, आज हातात पालखी धरायचीय म्हणून ऐकून घेतो. ती वही माझ्या आज्जाच्या हातची हाय. वाचनालय बंद पडावं असं मला कधीकधी वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आज्जाची वही मी जाळंन व्हय?"

जयाबाई मध्ये पडली. "अण्णा, एकच सांग. घरच्या पोथ्या किती?"

"सात."

"आणि आज पालखीत?"

"सात. मी स्वतः मोजून ठेवल्या. आज्जीनं काल रात्री सगळ्यांना नवं कापड बांधलंतं."

तो गेला. माझ्या हातातल्या पिशवीत पोथी होती. ती मला अचानक जड वाटायला लागली.

"सातही तिकडं आहेत," मी म्हटलं, "मग ही आठवी आली कुठून?"

"आत्ता बरोबर सवाल विचारलास," जयाबाई म्हणाली.

५

लक्ष्मीबाई आक्का बस्तीच्या पायरीवर बसल्या होत्या. आप्पांच्या पत्नी, वय ऐंशीच्या पुढं, पांढरी साडी, नाकावर सोन्याच्या काड्यांचा चष्मा. सगळं गाव त्यांना वाचनालयाची आई म्हणतं. दर शनिवारी त्या एक पुस्तक नेतात आणि पुढच्या शनिवारी न चुकता परत आणतात. माझ्यासारखीला त्यांचं उदाहरण देऊन लोक टोमणे मारतात.

"आक्का, काल नोंदवही बघितली का?" मी विचारलं.

"बघितली की. टेबलावर व्हती. मी सगळं पुसलं, आमच्या सात पोथ्या घेतल्या आणि तुझी वही खालच्या खणात ठेवली."

"दोन्हींचे पुठ्ठे सारखेच. चुकून..."

"चुकून कसं?" आक्का ताठ झाल्या. "वरचं नाव वाचून ठेवली मी."

झालं! माझी शेवटची आशा गेली. एक शंका मला आली होती, नाही असं नाही. पण आक्कांनी वाचून ठेवली म्हणजे वही जागेवर गेली, आणि त्यानंतर कुणीतरी अदलाबदल केली. म्हणजे झोपेचं सोंग घेणारे मास्तर, नाहीतर टेपवाला अभिनंदन. दहा वाजायला आले होते. मी पोलीस स्टेशनचा नंबर शोधायला मोबाईल काढला.

जयाबाईनं माझं मनगट धरलं आणि मला बस्तीच्या भिंतीमागं ओढलं.

"ठेव तो फोन. चोर बिर कुणी न्हाय."

"काय?"

"तुझ्या वहीवर चिठ्ठी हाय?"

"नाही म्हटलं ना! कसरीनं..." आणि मी थांबले.

वरचं नाव वाचून ठेवली. पण वर नावच नव्हतं!

"दर शनवारी आक्कांचं पुस्तक परत येतं," जयाबाई हळू आवाजात म्हणाली. "पान मोडलं असंल तर बदलायला मी पुस्तक उघडतो. सुकं तंबाखूचं पान गं, पापडागत. कुणी ते पुस्तक वाचलं की मधल्या पानावर त्याचा चुरा झाल्याबिगर ऱ्हात न्हाय. आक्कांच्या पुस्तकातलं पान कधी मोडलं न्हाय. इतक्या वर्सांत एकदाबी न्हाय. आणि काल नाव लिवायची पाळी आली तर मास्तरला सांगितलं."

वाचनालयाची आई! सोन्याच्या काड्यांचा चष्मा!

"टेबलावर आठ लाल पुस्तकं झाली. निपाणीच्या एकाच बांधणाऱ्यानं बांधल्याली, एकाच माणसाच्या अक्षरातली. सात घेतल्या, एक ठेवली. वाचता येणाऱ्याला ही चूक करता येत न्हाय. म्हंजे ती आठवी तुझ्या पिशवीत हाय, आणि तुझी वही..."

तेवढ्यात ढोल-ताशा वाजला. सजवलेली पालखी बस्तीच्या दारातून बाहेर पडत होती. तिच्यात केशरी कापडात बांधलेले सात गठ्ठे होते आणि लोक त्यांच्यावर फुलं उधळत होते. आमची नोंदवही गावाच्या मिरवणुकीला निघाली होती!

६

मी धावणार होते. मोठ्यानं ओरडणार होते. जयाबाईनं माझा पदर असा खेचला की पिनच तुटली.

"ओरडलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाय," ती म्हणाली. "चाळिशीपतोर मी अंगठा लावलाय. पगाराच्या दिवशी शाईचं बोट पदरात लपवून घरी यायचो. मी वखारीतली बाई, मला कोण हसणार? आक्का पाटलांच्या घरच्या हायत. गावासमोर हे झालं तर त्या परत दार उघडणार न्हाईत."

"आणि वाचनालय?"

"तेबी वाचलं पायजे. चल."

पालखी चौकात थांबली. बायका ओवाळायला पुढं झाल्या. जयाबाई पालखीला हात न लावता, पदर सावरून, तिच्याभोवती सावकाश फिरली. लोकांना वाटलं प्रदक्षिणा घालते. तिचं नाक काम करत होतं. मग ती आक्कांच्या शेजारी गेली. मी मागंच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आक्का, काल तुमचा चष्मा घरी राहिलता न्हवं? घाईघाईत एक वही इकडची तिकडं झालीया. उजवीकडनं पाचवी. तिच्यात माझं तंबाखूचं पान हाय, बाकीच्या सगळ्यांत लवंग."

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, पालखी आता उठणार. चष्मा तर त्यांच्या नाकावरच होता आणि कालही असणार, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "चष्मा राहिलता."

पालखीला हात लावायला आंघोळ करून, शुद्ध वस्त्र नेसलेलं माणूस लागतं, आणि आम्हा तिघींत तशा त्याच होत्या. त्यांनी पुढं होऊन पाचवा गठ्ठा उचलला. माझ्या पिशवीतली पोथी घेतली, कपाळाला लावली आणि रिकाम्या जागी ठेवली. अभिनंदन तोंड उघडून बघत होता. "आज्जी, हे काय?"

"माझी चूक," आक्का म्हणाल्या. "पालखी उचला."

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गठ्ठा छातीशी धरून मी जी पळाले, तशी शाळेतही कधी पळाले नव्हते.

७

समितीच्या बाई वेळेवर आल्या. नोंदवहीच्या केशरी कापडावरचं गंध आणि त्याला चिकटलेल्या अक्षता बघून त्यांनी भुवई उंचावली आणि खुर्ची ओढली. आता दारात मास्तर होते, जयाबाई होती, आणि मिरवणूक संपल्यावर आक्काही नातवाचा हात धरून आल्या होत्या. कशाला आल्या हे मला कळेना. मला वाटलं, केलेली चूक निस्तरली का ते बघायला.

"अधूनमधून कुठलेही वीस क्रमांक बघीन," बाई म्हणाल्या. "आणि पहिलं पुस्तक. पहिलं असलं की संस्था खरी आहे असं मी समजते."

पहिलं पान मी कधी नीट वाचलंच नव्हतं. तपासणीला येणारे सगळे शेवटची पानंच बघतात.

बाईंनी पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "नोंद क्रमांक एक. सचित्र अंकलिपी. नग एक. शेरा..." त्या थांबल्या. "वाचनालयात अंकलिपी? शेरा असा आहे. घरी लक्ष्मीस द्यावी. मागेल तेव्हा."

मास्तर मांडणीकडे गेले आणि अगदी खालच्या ओळीतून एक पातळ, पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन आले. बाईंनी ते उघडलं. मधोमध जयाबाईचं तंबाखूचं पान होतं, अख्खं.

"ही लक्ष्मी कोण?" बाईंनी विचारलं.

जयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोल, असं तिचे डोळे सांगत होते. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच आक्का पुढं आल्या.

"मी. मला वाचता येत न्हाय, बाई."

अभिनंदन म्हणाला, "आज्जी..."

"थांब रं. सोळा वर्सांची व्हतो मी. ते म्हणाले, अंकलिपी आणतो, शिकवतो. मी म्हटलं नगं, सासूबाई हसतील. परत कधी बोलले न्हाईत. मला वाटलं इसरले." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "ते गेल्यावर शनवारी एक पुस्तक न्यायचो. त्यांच्या वाचनालयातनं कायतरी घरात यावं म्हणून. ती पहिल्या पानावर हाय, हे मला कुणी वाचूनच दाखवलं न्हाय."

तपासणीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला मला हात रिकामा नव्हता, कारण जयाबाईनं तो घट्ट धरला होता.

"मी मागितलं न्हाय," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढं केला. "आता मागतो. दे पोरी."

मी त्यांच्या कार्डावर पुस्तक क्रमांक एक लिहिलं. चाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच बाहेर निघालं.

वीसच्या वीस पुस्तकं जुळली. त्यातली दोन मास्तरांच्या अकरांमधली होती, आणि ते पूर्ण वेळ छताकडे बघत होते. अनुदान सुरू राहिल्याचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. ते वाचून अभिनंदननं आपला टेप मुकाट्यानं आमच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि नव्या मांडणीची मापं घ्यायला सांगितलं.

हे सगळं मी आक्कांना विचारूनच लिहिते आहे. "लिही," त्या म्हणाल्या, "पण चष्म्याचंबी लिही."

संध्याकाळी सहा मुलींच्या टेबलाच्या टोकाला आक्का आणि जयाबाई बसतात. जयाबाई ओरडते, आक्का तिच्यावर दुप्पट ओरडतात, आणि मुली अभ्यास होत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करतात. अंकलिपी दर शनिवारी परत येते आणि पुन्हा आक्कांच्याच नावावर जाते.

ती पहिल्यांदा परत आली त्या शनिवारी जयाबाईनं ती टेबलावर ठेवली आणि मधलं पान उघडलं. मग पुस्तक माझ्यासमोर उलटं धरून झटकलं. टेबलभर तंबाखूचा चुरा पडला.